गाणारी चिचुंद्री

आमच्या गावात कुणालाही विचारा, चिचुंद्री कशी ओरडते? माणूस लगेच ओठांचा चंबू करील आणि अशी लांबलचक, गोड शीळ घालील की ऐकत राहावं. मग विचारा, आणि रानातला कस्तूर पक्षी कसा गातो? तोच माणूस नाक मुरडून ‘चिक् चिक् चिक्’ करून दाखवील. डॉक्टर असो, न्हावी असो, नाहीतर शाळेचे हेडमास्तर असोत. सगळं गाव छातीठोकपणे सांगतं, आणि सगळं गाव चुकतं. ही चूक एका माणसाने एका दुपारी हातातल्या पक्कडीने केली. तो माझा सख्खा मामा.

मामा म्युझियममध्ये वायरमन होता. म्युझियम म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांचा एक मोठा हॉल, त्यात एक वाघ, त्याची एक मिशी गळलेली. नोकरीला लागल्यावर मामाला पहिलंच काम मिळालं ते एका नव्या पेटीचं. काचेच्या त्या पेटीत डावीकडे निळसर काळा पक्षी, उजवीकडे लांब नाकाचं उंदरासारखं जनावर, वर पाटी: ‘एक रानातला, एक घरातला. तुलना करा.’ खाली दोन बटणं. बटण दाबलं की त्या त्या प्राण्याचा आवाज यायला हवा. आवाज रेकॉर्ड करणाऱ्या प्रोफेसरांनी दोन टेपा पोस्टाने पाठवल्या होत्या. चिकटवलेला कागद नखाएवढा, त्यामुळे त्यांनी नावं आखडून लिहिली. एकीवर ‘कस्तू.’, दुसरीवर ‘चि.’

झालं! प्राण्यांच्या नावाची कार्डं अजून छापून यायची होती. मामाने सुताराला विचारलं, “हे उंदरासारखं काय रे?” सुतार म्हणाला, “ह्याच्या अंगाला कस्तुरीसारखा वास येतो म्हणे. घाण.” मामाने हिशेब जुळवला. कस्तू. म्हणजे कस्तुरीवाला उंदीर. मग चि. कोण? लग्नपत्रिकेतला चिरंजीव तर नव्हे. चि. म्हणजे चिमणीच्या जातीतला कुणीतरी, म्हणजे पक्षी! तरी माणूस काळजीवाला, त्याने दोन्ही टेपा लावून ऐकल्या. एकीत कुणीतरी रिकामटेकडा पोरगा शीळ घालत भटकतोय असा आवाज. दुसरीत चिकचिक. आता चिकचिक पक्षीच करणार ना? शीळ घालणारा पक्षी मामाने जन्मात ऐकला नव्हता. त्याने वायरी जोडल्या, चार स्क्रू पिळले आणि हात झटकले. दहा दिवसांनी कार्डं आली, पक्ष्याखाली ‘कस्तूर’ आणि जनावराखाली ‘चिचुंद्री’. पण तोवर टेपांवरचे कागद कचऱ्यात गेले होते. ‘ध’चा ‘मा’ झाला तो झालाच.

पुढे टेपा जाऊन चिप आली. मामाने ती चूक डोळ्यांत तेल घालून चिपमध्ये उतरवली.

त्या पेटीवर त्याचा जीव. वाघाला कुणी हात लावला तर तो बोलायचा नाही, पण बटणावर कुणी बोट जोरात दाबलं की, “ए बाळा, डोअरबेल नाहीये ती!” गावातलं प्रत्येक पोर शाळेच्या सहलीत ती बटणं दाबून मोठं झालं. मला तो लहानपणी कौतुकाने ‘चिचुंद्री’ म्हणायचा, कारण मी गायचे. मीही खुळी, मान ताठ करून मिरवायचे. परीक्षेत ‘कस्तूर व चिचुंद्री यांतील फरक लिहा’ असा प्रश्न आला, तेव्हा मी ठोकून दिलं की कस्तूर दिसायला सुंदर पण आवाजाने भिकार, आणि चिचुंद्री दिसायला बेतास बात पण गळा सोन्याचा. बाईंनी पैकीच्या पैकी मार्क दिले. त्याही ह्याच गावच्या.

मामी म्युझियमच्या तिकीट खिडकीवर. ती मामानंतर वर्षभराने लागली. रानाच्या कडेच्या एका वस्तीवरून आलेली, गावात कुणी ओळखीचं नाही, बोलणं मोजकं. दुपारी एकला खिडकी बंद करून डबा खायची आणि मग त्या पेटीपाशी जाऊन चिचुंद्रीचं बटण तीनदा दाबायची. डोळे मिटून ऐकायची आणि परत खिडकीत. मामा खांबाआड उभा राहून हे रोज बघायचा. त्याला वाटलं, अरे वा, हिला चिचुंद्री आवडते! महिनाभर धीर गोळा करून त्याने एक दिवस तिच्यासमोर बुटांचं खोकं ठेवलं. झाकणाला भोकं पाडलेली. आत जिवंत चिचुंद्री.

“तुमच्यासाठी,” मामा म्हणाला.

मामीने झाकण उघडलं, वास आला, डोळ्यांत पाणी आलं. मामाला वाटलं, आनंदाचं. मामी म्हणाली, “अय्या, किती छान!” त्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

तेव्हापासून त्यांच्या घरात चिचुंद्री होती. तीच नाही हो, तिच्या लेकी, नाती, पणत्या. मोरीजवळच्या दाराखाली मामाने मुद्दाम भोक ठेवलेलं. संध्याकाळी भिंतीच्या कडेकडेने आई पुढे, तिची शेपटी धरून पिल्लं मागे, अशी आगगाडी स्वयंपाकघरातून जायची. घरभर तो दर्प. पाहुणे रुमाल नाकाला लावून चहा प्यायचे. मी एकदा मामाला म्हटलं, “ह्या गात कशा नाहीत रे कधी?” तर म्हणाला, “लाजतात. मोठे कलाकार असे घरात गात नाहीत.”

आता माझं सांगते. मी शेजारच्या शहरातल्या चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गेल्या महिन्यात दुकानाच्या मालकांनी आम्हा सगळ्यांना रानात सहलीला नेलं. पहाटे ओढ्याकाठी उभे होतो, आणि झाडीतून ती शीळ आली. हुबेहूब! मी तोंडावर बोट ठेवलं, सगळ्यांना खाली बसवलं आणि कुजबुजले, “चिचुंद्री!” मग झुडपाखाली वाकून, जमिनीला नाक लावून शोधायला लागले.

आमच्याबरोबरचा वाटाड्या माझ्या शेजारी येऊन वाकला. मग म्हणाला, “ताई, वर बघा. फांदीवर. कस्तूर आहे तो.”

“काहीतरीच काय! कस्तूर चिकचिक करतो.”

“चिकचिक चिचुंद्री करते, ताई. तुमच्याकडे उलटं असतं का?”

फांदीवर तो निळसर काळा पक्षी बसला होता. त्याने माझ्या देखत चोच उघडली आणि शीळ घातली. सगळे पोट धरून हसले. मालक तर चष्मा काढून डोळे पुसत होते. त्या दिवसापासून दुकानात माझं नाव पडलं, चिचुंद्री. ह्या वेळी कौतुकाने नाही.

मी तणतणत गावी परतले ती थेट म्युझियममध्ये. मामाला म्हणणार होते, तुझ्यापायी माझं चारचौघांत नाक कापलं गेलं! पण मामा शिडीवर चढून हॉलचे दिवे पुसत होता, आणि मला बघून वरूनच ओरडला, “अगं, बरी आलीस! शनिवारी माझा निरोपसमारंभ आहे, आणि नव्या मॅडम स्वतः पेटीचं बटण दाबणार आहेत!”

मग त्याने खाली उतरून सगळं सांगितलं. म्युझियमच्या प्रमुख म्हणून आलेल्या नव्या मॅडमनी जुनं सामान भंगारात काढायला घेतलं होतं. वाघ जाणार होता, अर्धी कपाटं जाणार होती. मामाने नोकरीत कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याने एकच मागणं केलं, माझी पेटी ठेवा. मॅडम म्हणाल्या होत्या, “शनिवारी ऐकते, मग ठरवते.” मामा म्हणाला, “त्या पक्ष्यांतल्या मोठ्या जाणकार आहेत. पक्ष्यांवर पुस्तक लिहिलंय त्यांनी. त्यांना कळेल कामाची किंमत.”

पक्ष्यांची जाणकार! म्हणजे बटण दाबायचा अवकाश, साठ माणसांसमोर मामाचं हसं, एकतीस वर्षांच्या नोकरीवर पाणी, आणि पेटी भंगारात.

मी तिकीट खिडकीशी पळाले. “मामी, ऐक, ते आवाज—”

“हळू बोल,” मामी म्हणाली. “उलटे आहेत. माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. आमच्या घरामागे ओढा होता, तिथे रोज पहाटे कस्तूर गायचा. इथे आले तेव्हा रडू यायचं नुसतं. मग एकदा हॉलमधून जाताना तो आवाज ऐकला. चिचुंद्रीच्या बटणात का असेना, आपला पक्षी भेटला म्हणून रोज जायला लागले.”

“मग सांगितलं का नाहीस त्याला?”

“सांगणार होते. तर हे खोकं घेऊन उभे.” मामीने तिकिटांचा गठ्ठा सरळ केला. “चेहरा बघायला हवा होतास त्यांचा. त्या चेहऱ्याला काय सांगणार होते मी? आता चार दिवस राहिलेत. त्यांना काही बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

मी शपथ घेतली, की बोलणार नाही. दुरुस्त करणार नाही, अशी शपथ कुणी घातली होती?

शनिवारी सकाळी मामा केस कापायला गेला, तेवढ्यात मी हॉलमध्ये शिरले. लहानपणी सुट्टीत मामानेच मला वायरी जोडायला शिकवलं होतं, तांब्याच्या तारा उजवीकडे तीन पीळ देऊन शेवटी टोक आत दुमडायचं. पेटीमागचे चार स्क्रू काढले, वायरींची अदलाबदल केली, स्क्रू पिळले. दहा मिनिटांचं काम. मनात म्हटलं, बघा, गावाची चूक एकटीने सुधारली, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही!

दुपारी हॉल भरला. रिटायर झालेले हेडमास्तर पहिल्या रांगेत. मामाला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं, ते त्याने तिथेच उलटं करून मागचं सेलचं झाकण नीट बसतंय का ते पाहिलं. भाषणं झाली. मग मॅडम पेटीपाशी गेल्या आणि त्यांनी पक्ष्याचं बटण दाबलं.

हॉलभर शीळ घुमली. मॅडमचा चेहरा फुलला. “वा! काय स्वच्छ आवाज! कस्तूरचं इतकं सुरेख गाणं—”

“थांबा!” मामा ओरडला.

तो पांढराफटक पडला होता. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. हेडमास्तर शेजाऱ्याला म्हणाले, “अरेरे, नेमकं आजच मशीन बिघडलं.” मामा हात जोडून पुढे झाला. “मॅडम, माफ करा. वायर उलटी लागलीय. एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. दोन मिनिटं द्या.” आणि मी ‘मामा, अरे मामा’ करते आहे तोवर त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, पेटीमागे गुडघ्यांवर बसला, आणि साठ माणसांसमोर ती बरोबर पेटी पुन्हा चूक करून ठेवली.

हात दाखवून अवलक्षण ते काय, हे मला त्या दिवशी कळलं. वाघाच्या पोटात जागा असती तर मी शिरले असते.

“आता ऐका,” मामा घाम पुसत म्हणाला, आणि त्याने चिचुंद्रीचं बटण दाबलं. शीळ आली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकून टाळ्या वाजवल्या.

मॅडमचं तोंड उघडं राहिलं. “चिचुंद्री... शीळ घालते?”

“घालते तर!” मामा म्हणाला.

“आम्ही पंचवीस वर्षं शाळेत शिकवलंय,” हेडमास्तरांनी ग्वाही दिली. उंदराला मांजर साक्ष!

मॅडमनी हॉलभर नजर फिरवली. एकही चेहरा हसत नव्हता, सगळे कौतुकाने पेटीकडे बघत होते. मग त्यांची नजर दाराशी गेली. तिथे मामी उभी होती, हातात तिकिटांचा गठ्ठा. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. मॅडम म्हणाल्या, “पेटी राहील.”

टाळ्या काही थांबेनात. मी मनातल्या मनात मॅडमच्या पाया पडले.

संध्याकाळी घरी मामाने बूट काढले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “वायर कुणी बदलली?”

“मला काय माहीत?”

“तीन पीळ उजवीकडे आणि टोक आत दुमडलेलं. असं जोडणारी माणसं जगात दोनच आहेत. एक मी.” तो खुर्चीत बसला. “आणि बटण दाबल्यावर मॅडमचा चेहरा मी पाहिला. पहिल्यांदा फुलला होता, दुसऱ्यांदा पडला. काय चुकलंय माझं? नीट सांग.”

मामीने माझ्याकडे पाहिलं, आणि शपथ सोडवल्यासारखा हात हलवला. मी सांगितलं. झुडूप, वाटाड्या, फांदीवरचा कस्तूर, सगळं. रागाने सांगायचं ठरवलं होतं, पण राग कुठे गेला कोण जाणे. मामा आपल्या बोटांकडे बघत पुटपुटला, “कस्तू. म्हणजे कस्तूर. चि. म्हणजे चिचुंद्री.”

“किती पोरं आली असतील गं,” तो म्हणाला. “सगळ्यांना मी खोटं शिकवलं. लाज वाटते मला.” मग मामीकडे वळला. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग तू रोज दुपारी यायचीस ते?”

“कस्तूर ऐकायला. आमच्या ओढ्याचा.”

“म्हणजे चिचुंद्री—”

“नाही हो. मला तिचा वास पहिल्या दिवसापासून सोसत नाही.”

मामा उठून उभाच राहिला. “अगं, मला तरी कुठे सोसतो! रोज जेवताना श्वास धरून बसतो मी! मला वाटलं तुला आवडतात!”

“आणि मला वाटलं तुम्हाला!”

नेमकी त्याच वेळी मोरीच्या भोकातून आगगाडी निघाली आणि चिक् चिक् करत, ऐटीत, दोघांच्या मधून गेली. आधी मामी हसली. मग मामा. एवढे हसले की मामाला उचकी लागली आणि मला पाणी आणायला धावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी म्युझियम उघडण्याआधी मामा मॅडमच्या दारात. “मॅडम, पेटी राहिली ती खोट्यावर राहिली. मला सुधारू द्या. मग हवं तर भंगारात घाला.” मॅडमनी परवानगी दिली. मामाने स्वतःच्या हाताने वायरी बदलल्या, दोन्ही बटणं दाबून पाहिली, आणि मान खाली घालून घरी आला. मोरीजवळचं भोकही बुजवलं. आठवडाभर तो खिडकीशी बसून त्या नव्या घड्याळाचे सेल काढायचा आणि घालायचा. मी चेष्टा केली तरी हसायचा नाही. बघवेना मला.

पंधरा दिवसांनी मॅडमनी त्याला बोलावलं. मी सोबत गेले. मॅडमनी त्याच्यासमोर तक्रारवही सरकवली. एरवी तिच्यात काय असतं? पंखा बंद, पाणी नाही. आता पानंच्या पानं भरली होती. ‘चिचुंद्री गात नाही. तपासावे.’ ‘मशीन बिघडले आहे, पक्ष्याचे गाणे उंदराला व उंदराचे पक्ष्याला लागले आहे.’ ‘जुने वायरमन गेले आणि चिचुंद्रीने गाणे सोडले. त्यांना परत बोलवा.’ एका पोराने चिचुंद्रीचं चित्र काढून तिच्या डोळ्यांतून टपोरे अश्रू काढले होते. हेडमास्तरांनी तर शुद्ध भाषेत दीड पान खरडलं होतं.

“मी कार्ड लावलंय, खरं काय ते लिहून,” मॅडम म्हणाल्या. “वाचतात, आणि मग तक्रार लिहितात. पण शेवटची तक्रार बघा.”

मामाने पान उलटलं. एकच ओळ होती, तिकिटावर तारीख घालणाऱ्या त्या बारीक, सरळ अक्षरात.

‘चिचुंद्रीने पूर्वीसारखे गावे, ही नम्र विनंती. – तिकीट खिडकी.’

मामाने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग रुमाल काढून खूप जोरात नाक शिंकरलं आणि म्हणाला, “मॅडम, एक जादा स्विच मिळेल का?”

आता पेटीखाली आणखी एक कार्ड आहे. ‘दुपारी एक ते दीड या वेळेत चिचुंद्री गाते. इतर वेळी कस्तूर.’ एकला पाच कमी असताना मामा येतो, पेटीमागचा स्विच फिरवतो आणि खांबाआड नाही, पेटीसमोर उभा राहतो. मामी खिडकी बंद करून येते आणि तीनदा बटण दाबते. तो आता नोकरीत नाही, म्हणून आत यायला ती त्याला रोज तिकीट काढायला लावते.